गोदामातलं शेवटचं मशीन

नंदुरबार,
२८ ऑगस्ट २०२५

चि. रिषभ आणि चि. सौ. प्रियल, दोघांना मम्मीचे आशीर्वाद.

जय जिनेंद्र. मी बरी आहे. गुडघे आपल्या मर्जीनं चालतात, मी त्यांच्या मागं. काल संवत्सरीचा उपास केला, आज सकाळी पारणं. मुगाचं पाणी एकटीपुरतं किती करायचं ते अजून जमत नाही, उरलेलं शेजारच्या जियाला दिलं. पुण्यात पाऊस कसा आहे?

रिषभ, पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर बोलता येईना, म्हणून लिहायला बसले.

आधी धंद्याचं. सुरतच्या बंद पडलेल्या गेम-हॉलमधून तू तीन ट्रक भरून मशीनं आणलीस, पप्पांच्या मिरचीच्या गोदामात रचलीस आणि नोकरी लागली म्हणून निघून गेलास. ती सगळी गेली. जाताना म्हणाला होतास, भंगारवाल्याला किलोवर देऊन टाक. अरे, मी हस्तीमल शेठची बायको आहे. चालू होऊ शकणारी वस्तू मी किलोवर देईन? टीव्ही दुरुस्त करणारा मुबीन रोज दुपारी यायचा. पहिल्या दिवशी त्यानं सवयीप्रमाणे धूळ उडवायला ब्लोअर लावला. गोदामातली मिरची विकली गेली तरी तिची पूड कुठं जाते? आम्ही दोघं डोळे चोळत रस्त्यावर येऊन बसलो, तर गल्लीतल्या बायका मला धीर द्यायला आल्या. त्यांना वाटलं, मी पप्पांच्या आठवणीनं रडतेय. मीही नाही म्हटलं नाही. त्या निमित्तानं दोघी-तिघी तासभर बसल्या तरी.

दोन मशीनं नवापूरच्या हॉटेलवाल्यानं नेली, एक चिंचपाड्याला गेलं. बाकीच्यांसाठी इंदूरचा व्यापारी ट्रक घेऊन आला. त्याला खरी हवी होती ती दोन सीटांची खेळातली मोटारगाडी. हमाल धुडकूनं उचलण्याआधी तिचं मागचं दार उघडलं आणि हात मागं घेतला. म्हणाला, "शेठाणी, यामा पिल्लं शेतस." वायरींच्या गुंत्यात उंदरीण व्याली होती. लालबुंद पिल्लं, डोळेही उघडले नव्हते. व्यापारी म्हणाला, झटकून टाका. मी म्हटलं, डोळे उघडून ती आपल्या पायांनी जातील तेव्हा गाडी मिळेल. तो आधी हसला, मग तापला, शेवटी बाकीची मशीनं भरून निघून गेला. मुबीननं कपाळाला हात लावला. सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक मी उंदरांपायी घालवलं म्हणे. घालवलं तर घालवलं. जीवदया पाळणारी मी ती पिल्लं झटकणार होते का?

तुला मी एवढंच सांगितलं होतं, की उंदरांनी वायरी खाल्ल्या आणि गाडी बंद आहे.

आता तुझं ऐक. तुझा फोन दर रविवारी यायचा तो या मशीनांसाठी. मी मोबाईल मशीनच्या पोटात धरायची आणि तू सांगायचास, ती पिवळी वायर हलव, तो स्क्रू बघ. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण अर्धा-अर्धा तास तुझा आवाज घरात असायचा. एकदा माझं बोट कुठं लागलं कोण जाणे, कॅमेरा माझ्याकडे फिरला. मी दिसले तुला. तू म्हणालास, "मम्मी, कॅमेरा फिरव, मशीन दिसत नाहीये."

मी फिरवला. नंतर गॅसजवळ उभी राहून रडले, आणि तेव्हा घरात मिरची नव्हती.

सूर्यास्ताआधी माझं जेवण उरकतं. मग संध्याकाळ संपता संपत नाही. कुणाशी बोलावं तर बोलायला तरी काय आहे, दोन बटाटे संपले नि दूधवाला उशिरा आला. म्हणून मी गोदामात त्या गाडीच्या एका सीटवर बसून तांदूळ निवडायची. समोर पडद्यावर रस्ता आपोआप पळत राहायचा.

हो, पळत राहायचा. पिल्लं कधीच गेली, त्याच आठवड्यात मुबीननं वायरी जोडल्या. पावसाळ्याच्या आधीपासून गाडी चालू आहे. तुला मात्र मी दर रविवारी सांगत आले, आज आवाज येत नाही, आज पडदा उघडत नाही. तू बिचारा रात्री जागून शोधायचास आणि मला उपाय सांगायचास. गाडी चालू झाली असं एकदा सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी तू कशाला फोन केला असतास?

काल प्रतिक्रमणात वर्षभराचं खोटं आठवायला बसले, तर दुसरं काही आठवेना, हेच. घरी आले तर मोबाईलवर तुझं हात जोडलेलं क्षमेचं चित्र, मिच्छामि दुक्कडम्. तेच मामांना, तेच सगळ्या ग्रुपला. मला राग आला. आईला निराळे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो रे?

आज सकाळी मी खांडबाऱ्याच्या करमसिंगला बोलावलं, तो बाजारात पाळणे लावतो. गाडी त्याला देऊन टाकली. टेम्पो वळणावरून गेला आणि मी रिकाम्या गोदामात झाडू घेऊन उभी राहिले. कुठून झाडायला सुरुवात करावी कळेना. फोन हातात घेतला, पण तू उचलताच विचारलं असतंस, कोणती वायर, आणि मी पुन्हा एखादी वायर सांगितली असती.

वर्षभरात तुला, प्रियलला माझ्या बोलण्यानं दुखवलं असेल तर मनापासून मिच्छामि दुक्कडम्. गाडीच्या खोट्याबद्दल मात्र क्षमा मागणार नाही. महाराजसाहेबांनी विचारलं तर त्यांनाही हेच सांगेन.

आता इथं बिघडलेलं काही उरलं नाही. तरी रविवारी फोन कर.

तुझीच,
मम्मी