पोस्टकार्डावरचं माझं अक्षर

मेहकर,
सोमवार, दि. १२ फेब्रुवारी १९६८,
दुपारी एक वाजून दहा मिनिटे.

प्रिय सुखदेव,

दवाखाना दोनपर्यंत बंद आहे. मी थुंकी तपासणीच्या रजिस्टरची पानं आखत बसलो होतो आणि रेघ वाकडी गेली. माझी रेघ, वाकडी! तू असतास तर पोट धरून हसला असतास.

सकाळी एक मुलगा आला. वय पंधरा, फार तर सोळा. शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून खोकला आणि दारातूनच विचारलं, "नाव लिहाच लागते काय?" तुझेच शब्द! मी "हो" म्हणालो तसा मागे सरला. आता समोरच्या निंबाखाली बसला आहे. आत येत नाही, जातही नाही. त्याच्याकडे पाहवेना, म्हणून तुला लिहायला घेतलं. पोळ्याला तू गेलास, त्याला सहावा महिना लागला.

बीबी गावच्या शाळेत आपण एकाच तरटपट्टीवर बसलो. सातवीनंतर माझी शाळा सुटली, तू इथल्या वसतिगृहात राहून मॅट्रिकपर्यंत पोचलास. अक्षर चांगलं म्हणून मला दवाखान्यात लिहिण्याचं काम मिळालं, तेव्हा आनंद तुलाच जास्त झाला. "डॉक्टरचं अक्षर कोणालेच वाचता येत नाही बे, तुह्यं तं आंधळ्यालेही येईन!" आठवतं?

त्याच अक्षराने घात केला. तुमच्या वसतिगृहातल्या एका मुलाच्या थुंकीत क्षय निघाला. अठरा वर्षांखालच्याचा निकाल पालकाला कळवायचा, असा नियम. वसतिगृहातल्या मुलाचे पालक म्हणजे अधीक्षक, आणि कळवायचं ते पोस्टकार्डावर, असं माझ्या आधीच्या लिहिणाऱ्याने मला शिकवलं होतं. मी लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, रोग. काना-मात्रा चुकवली नाही.

तुमच्याकडे आलेलं टपाल पंगतीत मोठ्याने वाचतात, हे मला कुठे ठाऊक होतं? आणि त्या दिवशी वाचायची पाळी तुझी होती! रोगाच्या नावापाशी तू थांबलास, तर शेजारच्याने कार्ड ओढून पुढचं वाचलं. अडखळायला जागाच नव्हती, इतकं स्वच्छ लिहिलेलं. त्या मुलाचं ताट उचलून वेगळं ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीने तो वळकटी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तू आलास. "काऊन बे किसन, लिफाफा भेटला नाही काय तुले?"

"सरकारी रीत हाय," मी म्हणालो.

"हाव, तू लय मोठा सरकारी!"

तेव्हा मला राग आला होता. खरं सांगतो, तुझ्या बोलण्याचा राग आला. त्या मुलाचं वाईट नंतर वाटलं.

मग परीक्षेच्या आधी पुन्हा आलास. गळपट्टीतून हाडं दिसत होती. "नाव लिहाच लागते काय रे?"

"कोणाचं?"

"हाय एक दोस्त. परीक्षा तोंडावर हाय त्याची. वसतिगृहातून काढलं तं कुठी बसून अभ्यास करीन तो?"

"अठराच्या आतला असन तं अधीक्षकाले कळवाच लागते. नियम हाय, सुखदेव."

"मंग जाऊ दे. त्याचा खोकला उतरूनच राह्यला."

असं खोटं का बोललास? माझ्याशी? पण तुला काय विचारतो! तो दोस्त कोण, हे मला तरी कळलं नव्हतं का? कळलं होतं. मी रजिस्टर मिटलं आणि तुला चहा पाजला.

तू पास झालास. निकाल आला तेव्हा साखरखेर्ड्याला, तुला वाढवलेल्या मावशीच्या घरी खाटेवर होतास. रक्त पडल्यावर सुया सुरू झाल्या, पण उशीर झाला होता. तुला स्मशानात पोचवून आल्यावर मावशी मला म्हणाली, "मले एकटीले सांगतलं असतं तं मी पायी आली असती रे. मी काय गावभर सांगत बसली असती?"

आज तो मुलगा मागे सरला तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, पोस्टकार्डच टाकावं लागतं का?

त्यांनी चष्मा काढला. "कुठे लिहिलंय तसं? पालकाला कळवा, एवढंच आहे. आणि पालक म्हणजे घरचं कोणीही जबाबदार माणूस. नियम तुझ्या डोक्यावरच टांगलाय की! वाचला नाहीस?"

सुखदेव, तो कागद माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला आहे. त्याच्यावरची धूळ दर शनिवारी मीच पुसतो. पुड्याचा कागदसुद्धा वाचून टाकणारा मी, आणि तो कागद कधी वाचला नाही! सांगितलं तसं लिहीत गेलो. मावशी पालक चालली असती. चिठ्ठी बंद लिफाफ्यात गेली असती. औषध घेत, खाटेवर निजून का होईना, तू अभ्यास केला असतास.

मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही. त्या पहिल्या मुलाचा पत्ता रजिस्टरात आहे. रविवारी त्याच्या गावी जाईन. तो औषध घेतो की नाही, हेसुद्धा आम्ही कोणी पाहिलेलं नाही.

आणि तुला वचन देतो. या टेबलावरून कोणाचा रोग उघड्या कार्डावर जाणार नाही. आजच टपाल कचेरीतून लिफाफे आणले. दवाखान्याने पैसे दिले नाहीत तरी ते आणत जाईन.

दोनला पाच मिनिटं कमी आहेत. मुलगा अजून निंबाखालीच आहे, पण उठून दार उघडायची वाट पाहणाऱ्या माणसांत मिसळू पाहतो आहे. रजिस्टर इथेच ठेवून त्याच्याकडे जातो. आधी नाव विचारणार नाही. आधी विचारीन, "घरातल्या कोणाले सांगतलेलं चालन तुले?"

तुला हे विचारायचं राहून गेलेला,
किसन