गॅव्हिनसाठी मांस शिजवताना

अल गराफा, दोहा
२ फेब्रुवारी २०२५

ती. मम्मी यांना,
ईशाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि आपली ही दशा व्हिडिओवर मम्मीला दाखवायची नाही असं गॅव्हिनने बजावलंय. म्हणून लिहिते. शेजारची सिमोना हे छापून तुमच्या हातात देईल. उत्तर कागदावर लिहा, ती फोटो काढून मला पाठवेल.

काल त्याला आयसीयूतून वॉर्डात आणलं. साईटवरच्या विजेच्या पॅनेलमध्ये जाळ उसळला तेव्हा तो समोरच उभा होता, एवढं तुम्हाला कळलंच आहे. दोन्ही हात, छाती आणि गळा भाजलाय. डोळे वाचले. मांडीची कातडी काढून छातीवर लावलीय, हातांचं अजून व्हायचंय. डॉक्टर म्हणतात, नवी कातडी धरायला शरीर आतून स्वतःलाच खातंय. बाहेरून भरपूर दिलं नाही तर लावलेलीही टिकणार नाही.

हॉस्पिटलचं जेवण तो तोंडात धरतो आणि थुंकतो. घरून डबा आणायची परवानगी मिळालीय. इथली आहारतज्ज्ञ तसनीम हैदराबादची आहे, तिने मला समोर बसवून हिंदीत समजावलं. प्रथिनं म्हणाल तर कोंबडीची छाती आणि बिनचरबीचं बीफ जवळजवळ सारखंच, छाती किंचित पुढे. पण लोह बीफमध्ये दुपटीतिपटीने, जस्त तर त्याहूनही जास्त, आणि जखम भरायला जस्त लागतं. बरगडीचं चरबीवालं बीफ नको, दोन घासांत पोट भरतं. कोंबडीची मांडी छातीपेक्षा मऊ, गिळायला सोपी. दोन्ही आलटून पालटून द्या, म्हणाली.

मी मान डोलावली. मम्मी, मी आयुष्यात अंडंसुद्धा फोडलेलं नाही. लग्नानंतर गॅव्हिननेच ठरवलं होतं, घरात माझं शाकाहारी आणि बाहेर त्याच्या मनासारखं. आता तो बाहेर जाऊ शकत नाही. यूट्यूबवर शेकडो कृती आहेत, पण काल त्याला काय खावंसं वाटतं विचारलं तर तो म्हणाला, मम्मीच्या हातचं बीफ. ते कसं करतात, मला लिहून कळवाल का?

पप्पांना नमस्कार सांगावा. माझ्यावरचा राग थोडे दिवस बाजूला ठेवावा, ही विनंती.

आपली,
ईशा


वसई
४ फेब्रुवारी २०२५

सौ. ईशा हिस,
जय ख्रिस्त.

पत्र पोचले. लग्न झाल्यापासून माझा मुलगा घरी दुधी आणि भेंडी खातो आहे. अंगात काही शिल्लक असते तर शरीराला स्वतःलाच खायची वेळ आली नसती. सिमोना हे वाक्य खोडायला सांगते आहे. मी खोडणार नाही.

मीच आले असते. पण त्याच्या पप्पांना कोण बघणार? लकव्याने अर्धे अंग गेले, पाणीसुद्धा चमच्याने पाजावे लागते. सबॅस्टियन रोज खुणेने विचारतात की पोराचे काय, आणि मी बरे आहे म्हणते. म्हणून सगळे तुझ्यावर सोडावे लागत आहे.

गाय-बैल बंद झाल्यापासून आमच्याकडे म्हशीचेच मिळते. तिथे सगळे मिळत असेल. मागच्या मांडीचे, बिनहाडाचे अर्धा किलो माग. मांसाचे धागे दिसतात, त्यांच्या आडवे काप, नाहीतर दोरी चघळल्यासारखे लागते. तुकडे बोटाच्या पेराएवढे. आले-लसूण वाटून लाव, थोडे व्हिनेगर लाव, तासभर ठेव. कांदा तेलात चांगला लाल होऊ दे, मग मांस घालून परत, पाणी घाल आणि कुकर लाव. सुरी टोचून बघ, लोण्यात गेल्यासारखी जायला हवी. गळा भाजला आहे तर मसाला घालू नको. मीठ चाखून घाल.

आणि सूप दे. गावठी कोंबडीचे, हाडासकट उकळलेले. लहानपणी टायफॉईड झाला होता तेव्हा तो सूपावरच उठला होता. तुझ्या त्या बाईला हे सांग.

देव त्याला राखो.

जेन


अल गराफा, दोहा
११ फेब्रुवारी २०२५

ती. मम्मी यांना,
ईशाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. मांसाच्या काउंटरवर ब्राझील, ऑस्ट्रेलिया, भारत अशा पाट्या लावलेल्या होत्या. माझा नंबर आला तेव्हा मी मागच्याला पुढे जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्यालाही. शेवटी कापणाऱ्याने स्वतःच हिंदीत विचारलं, मॅडम, पेशंट के लिए है क्या? माझ्या गळ्यात हॉस्पिटलचा पास तसाच राहिला होता. त्याने निवडून तुकडे करून दिले. घरी नळाखाली धुताना मला उलटी झाली. तोंड धुऊन परत धुवायला घेतलं.

त्याच्या हातांना कोपरापर्यंत बँडेज आहे, म्हणून मी भरवते. पहिल्या दिवशी म्हणाला, अळणी आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाला, समुद्र ओतलास. मीठ चाखून घाल, असं तुम्ही लिहिलंत. तेच तर मला होत नाही.

सूपाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. तसनीम म्हणते, सूपात चव असते, पण मुख्यतः पाणीच. जे पोटात जायला हवं ते मांसात राहतं. तो वाटीभर सूप पितो आणि मग पोट भरलं म्हणून तोंड फिरवतो. त्यामुळे मी सूप बंद केलं. मम्मीला कळवू नकोस असं त्याने सांगितलं होतं, पण तुमच्यापासून लपवून काही करायचं नाही असं मी ठरवलंय.

दुधी-भेंडीचं मी तसनीमला विचारलं. ती म्हणाली, पैलवान भाजला तरी असाच झिजतो. तरीही कुकर लावताना मला दर वेळी तुमचंच वाक्य आठवतं.

तुमची तब्येत जपा. उत्तर कडू असलं तरी चालेल, पण यावं.

आपली,
ईशा


वसई
१४ फेब्रुवारी २०२५

चि. ईशा,
जय ख्रिस्त.

सूप बंद केले हे वाचून मी पत्र दूर सारले. मग सिमोनाला म्हटले, ती रोज त्याच्या तोंडापाशी बसते, तिला जास्त दिसत असणार.

चाखून घाल असे लिहिताना तू कोण आहेस हे माझ्या ध्यानातच आले नाही. सवयीने लिहिले. तू चाखू नको. माप देते. अर्ध्या किलोला छोटा चमचा सपाट दीड, वर रेघभरही नाही. चुकले तर उकडलेला बटाटा कुस्करून घाल.

तो थुंकतो ते मांस कोरडे पडते म्हणून. कोंबडीची छाती तर लाकडासारखी होते, ती माझ्याही घशाखाली उतरत नाही. मांडीचे मांस घे, शिजवून हाताने उसव आणि मऊ भातात कालव. बीफचा खिमा आणून बारीक गोळे कर, रश्श्यात सोड. काळीज दिलेस का? कोंबडीचे काळीज त्याला शाळेत असताना फार आवडायचे. त्या बाईला विचार चालेल का.

तू लपवत नाहीस हे बरे आहे. तसेच राहू दे.

जेन


अल गराफा, दोहा
६ मार्च २०२५

ती. मम्मी यांना,
ईशाचा शि. सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायचं कसं तेच कळत नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. बाकी हात वाचेल म्हणतात. त्यानंतर त्याने जेवण सोडलं. मी डबा उघडला की डोळे मिटायचा. म्हणाला, पप्पांसारखं कुणीतरी चमच्याने भरवत जगायचं असेल तर मला नको. मी रागावले, रडले, तसनीमने समजावलं, नर्सने नळीने भरवायची धमकी दिली. कशाने काही झालं नाही. काळीज केलं होतं, लोह भरपूर म्हणून तसनीमने खुशीने हो म्हटलं होतं. तेही तसंच परत नेलं.

मागच्या आठवड्यात एक दिवस तो नुसता म्हणाला, मीठ नाही यात, तुला कसं कळणार. त्यात टोमणा नव्हता, थकून म्हणाला. मला काय झालं कोण जाणे. मी चमच्यातला तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. चव कशी होती ते आजही सांगता येणार नाही. चावला आणि गिळला. मग म्हटलं, मीठ बरोबर आहे.

तो बघतच राहिला. म्हणाला, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलंस. मग हसायला लागला, हसताना छाती दुखली म्हणून कळवळला आणि परत हसला. मग सगळा डबा खाल्ला, मम्मी. पुसून खाल्ला. तेव्हापासून पहिला घास मी घेते आणि मग तो खातो. मिरजेला आईबाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.

तसनीम म्हणते, रक्तातली प्रथिनं वाढलीत. छातीवरची कातडी धरलीय. इथे रमजान सुरू झाला, संध्याकाळी वॉर्डातल्या नर्सेस खजूर देतात, तोही तो मागून घेतो. कालपासून मात्र थोडा ताप आहे. रक्त तपासायला नेलंय.

सांभाळून राहा. आमच्यासाठी प्रार्थना चालू ठेवा.

तुमची,
ईशा


वसई
८ मार्च २०२५

चि. ईशा,
जय ख्रिस्त आणि पुष्कळ आशीर्वाद.

बोटांचे वाचून कागद खाली ठेवला. त्याच हाताने तो गिटार वाजवायचा. मग पुढचे वाचले.

तू हे करायला नको होतेस. मी कधीच मागितले नसते, तुला सून म्हणून जवळ केले असते तरी नसते मागितले. सबॅस्टियनना घासाचे तेवढे वाचून दाखवले. ते बोलू शकत नाहीत हे तुला माहीत आहे. चांगल्या हाताने त्यांनी कागद माझ्याकडून घेतला आणि छातीवर धरून ठेवला, परत देईनात.

आमचा उपवासकाळ बुधवारी सुरू झाला. ईस्टरपर्यंत मी मांस सोडले आहे, आणि तू तिकडे खायला लागलीस. दोघी एकासाठीच.

ताप आला तर भूक मरते. हट्ट करू नको, थोडे थोडे दे. कोंबडीच दे, बीफ दोन दिवस थांबव, पचायला जड जाईल. आणि तू स्वतः काय जेवतेस? पुढच्या पत्रात ते आधी लिही.

ताप उतरला की लगेच कळव. मी सिमोनाला फोनपाशी बसवले आहे.

तुझी,
मम्मी


अल गराफा, दोहा
९ एप्रिल २०२५

ती. मम्मी यांना,
ईशाचा शि. सा. न. वि. वि.

वसईला, दफनाच्या दिवशी तुम्ही माझा हात धरून एकच विचारत होतात. बीफ थांबव असं मी लिहिलं, त्याने कमी पडलं का? मी नाही म्हणत होते, पण तुम्हाला ऐकू येत नव्हतं आणि माझ्याजवळ कागद नव्हता. माणसं तुम्हाला बाजूला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मला विमान पकडावं लागलं. तेव्हा देता न आलेलं उत्तर आता देते.

तुमचं ते पत्र आलं तेव्हा तो व्हेंटिलेटरवर गेलेला होता. ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, त्यामुळे त्यातल्या कशाचा परिणाम व्हायचा प्रश्नच नाही. जंतू रक्तात शिरले होते. भाजलेल्या माणसात ते फार लवकर शिरतात. एकामागून एक औषधं बदलली, एकही लागू पडलं नाही. आधी मूत्रपिंडं गेली, मग सगळंच.

मी डॉक्टरांना तुमचाच प्रश्न विचारला, कारण तो माझाही होता. दुधी-भेंडीने झालं का? सूप बंद केलं म्हणून? त्याने जेवण सोडलं त्या दिवसांत मी अजून काही करायला हवं होतं का? त्यांनी छातीच्या जखमेचे शेवटचे फोटो दाखवले. कातडी गुलाबी होती. जागच्या जागी धरलेली. ती उपाशी शरीरात धरत नाही, म्हणाले. तसनीम त्या दिवशी रजेवर होती, तरी आली. माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, तुम्ही दोघींनी त्याला पुरेसं दिलं होतं. दोघींनी, असंच म्हणाली. तुमची पत्रं मी तिला वाचून दाखवायचे.

मम्मी, आपण त्याला उपाशी मारलं नाही. त्याला जेवू घातलं, तो जेवला, आणि तरीही गेला. याहून वेगळं उत्तर मला सापडलेलं नाही.

नोकरीचा राजीनामा दिलाय, नोटिशीचे महिने इथे काढावे लागतील. मिरजेला मी घास घेतल्याचंही सांगून टाकलं. आईने फोन बाजूला ठेवला. बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, घरी ये, पण हे इथे कुणापाशी बोलू नकोस. कुठे जावं ते ठरवलेलं नाही.

तुम्ही विचारलं होतंत. मी वरणभात जेवते. जमेल तेव्हा.

पप्पांना जपा. तुमची माया असू द्या, मला आता ती मागायचा हक्क आहे की नाही ते माहीत नाही.

तुमची,
ईशा


वसई
२३ एप्रिल २०२५

चि. ईशा,
आशीर्वाद.

तुझे पत्र छापून होताच मी सिमोनाकडून घेतले, तिला वाचू दिले नाही. स्वतःच वाचले, पुन्हा पुन्हा वाचले. ईस्टरच्या दिवशी घरात काही केले नाही. शेजाऱ्यांनी ताट आणून दिले, त्यातले सबॅस्टियनना भरवले.

मिरजेला जायचे की इथे यायचे, ते तू ठरव. आईवडील आहेत, त्यांना तोडू नको. इथे आलीस तर स्वयंपाकघर तुझे, चुलीवर काय ठेवायचे तेही तूच ठरवायचे. कोणाला काही सांगायचे नाही अशी अट या घरात नाही. मी स्वतःच चर्चमध्ये चार बायकांना सांगितले, माझ्या सुनेने काय केले ते. एक जण काहीतरी बोलायला लागली. मी ऐकू येत नाही म्हणून हात केला आणि निघून आले.

आता कामाचे. थडग्याचा दगड तयार झाला आहे, अक्षरे कोरायची आहेत. गॅव्हिन, सबॅस्टियन व जेन यांचा पुत्र, एवढे रीतीप्रमाणे लिहून दिले होते. घरी आल्यावर ते मला अर्धे वाटले. परत गेले आणि खाली आणखी एक ओळ घालायला सांगितली, ईशाचा पती. कोरणाऱ्याने विचारले, ई दीर्घ की इ ऱ्हस्व? तू पत्रात दीर्घ लिहितेस, सिमोनाही दीर्घच म्हणते. पण मला तुझ्याकडून हवे आहे. दगडावर एकदा चुकले की दुरुस्त करता येत नाही.

कोरणारा सोमवारी येणार आहे. त्याआधी कळव.

तुझी,
मम्मी