तब्येत सुधारली म्हणे!

प्रिय आई,
वाकून नमस्कार.

फोटो बघून "पोराची तब्येत सुधारली" असं तू गल्लीभर सांगितलंस म्हणे. आई, ते नुसतं वजन आहे गं. लाँड्रीत दिवसभर इस्त्रीपाशी उभा राहून खोलीवर आलो की भाजी चिरायचंही त्राण नसतं. मग पाव, बटाटे आणि गोड चहा.

तेल-तूप सोडलं, तरी पोट सुटलंच. डॉक्टरीणबाई हसल्या, "तुपाची कसर पावाने भरून काढलीत की!" काळजीचं काही नाही, रक्तात साखर जरा वाढलीय एवढंच.

बाबांचे गुडघे कसे आहेत? त्यांच्याही चहात साखर कमी घाल.

गल्लीत मात्र काही बोलू नकोस. तिथे तरी माझी तब्येत सुधारलेलीच राहू दे.

तुझा,
धाकटा