विज्ञानाचे चार गुण

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२८ जुलै २०२५

प्रिय प्रेरणा,

कशी आहेस? तात्याआजोबांना आणि मोठ्या काकूंना माझा नमस्कार सांग. इकडं सगळे ठीक. नळाला आठवड्यानं पाणी येतंय, त्यामुळं आईची चिडचिड चालू आहे. शेजारच्या द्वारकाबाई रोज तुझी चौकशी करतात. माझी कुणी करत नाही, मी इथंच असते ना.

फोन का केला नाही म्हणशील. तुमच्याकडं फोन मोठ्या काकांच्या हातात असतो आणि ते स्पीकर लावूनच बोलतात. हे सगळ्यांनी ऐकायचं नाही.

तू कन्नडला परत गेलीस त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हे आधी सांगून टाकते. दहावीचं वर्षभर तू आमच्याकडं राहिलीस, माझ्याच खोलीत, माझ्याच शाळेत. पहाटे उठायचीस तू आणि बोलणी खायची मी. निकाल लागला तेव्हा तुला ४७३ आणि मला ४७१. फक्त दोन गुण! तेवढ्यावरून आईनं पहिला पेढा तुला भरवला. मग आजोबांचा शब्द आडवा आला. पंच्याण्णव टक्के पडले तरच अकरावीला शहरात, नाहीतर घरी राहून कन्नडचं कॉलेज. तुला पडले चौऱ्याण्णव पॉइंट सहा. स्टँडवर तू रडलीस, मीही रडले. माझं रडणं खोटं होतं.

वाटलं, आता तरी घर माझं. पण कसलं काय! आई भाजी निवडता निवडता म्हणते, "ती पोरगी गेली अन् घर लई सुनं झालं बघ." मी तिच्या समोरच बसलेली असते. एकदा ती मावशीला फोनवर सांगत होती, "आमच्या दीपीचं काय, चाललंय आपलं. हुशार म्हणशील तर प्रेरणाच." त्याच दुपारी मी ते केलं.

विज्ञानाचा पेपर देऊन आलीस तेव्हा तू जेवली नव्हतीस. शेवटचं उत्तर पुरवणीवर लिहिलं, पण पुरवणी दोऱ्यानं बांधली की नाही तेच आठवत नाही, म्हणून रडत होतीस. तरी तुला विज्ञानात ब्याण्णव! मी म्हटलं, नक्की बेरीज चुकली आहे. तीन गुण उतरले की मी पुढं. तुझे सगळे फॉर्म मीच भरायची, पासवर्ड माझ्याकडं, ओटीपी आईच्या फोनवर. मी तुझ्या नावानं गुणपडताळणीचा अर्ज टाकला. तुझे गुण कमी व्हावेत म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

सतरा तारखेला तुझ्या नावाचं पाकीट आलं. पुरवणी तू बांधली होतीस. तपासणाऱ्यांनी त्या उत्तराला चार गुण दिलेही होते, पण पहिल्या पानावरच्या बेरजेत ते घ्यायचेच राहिले. विज्ञानात शहाण्णव, एकूण ४७७. टक्के पंच्याण्णव पॉइंट चार.

मी ते पाकीट अकरा दिवस माझ्या कपड्यांखाली लपवून ठेवलं. अकरावीच्या शेवटच्या फेरीचे अर्ज शनिवारी बंद होतात. तो दिवस गेला की त्या कागदाला काही अर्थ उरला नसता. मी शनिवारची वाट बघत होते, प्रेरणा.

काल मोठ्या काकांचा फोन आला. आईला म्हणाले, "आमची पोरगी वहीला हात लावंना. म्हणती, पुरवणी माझीच सुटली आसंल, चूक माझीच हाय." आई हळहळली. मी ताट तसंच ठेवून उठले. तुझी काहीच चूक नव्हती, आणि हे फक्त मला माहीत होतं.

कागद सोबत पाठवते आहे. तुझी जुनी गुणपत्रिका घेऊन गुरुवारी ये, ती परत दिल्याशिवाय नवी मिळत नाही. आजोबांना आकडा मोठ्यानं वाचून दाखव. त्यांनी शब्द चारचौघांत दिला आहे, ते फिरवणार नाहीत. माझा पसारा आवरून मी तुझा कप्पा रिकामा केला आहे. खिडकीजवळची जागा मात्र देणार नाही.

माफी मागत नाही, कारण तू आलीस की मी पुन्हा जळणार हे मला आत्ताच ठाऊक आहे. पण एका गोष्टीचं काय करावं ते मला सुचत नाही. हा अर्ज मी केला हे कळल्यावर आई मला जवळ घेईल आणि म्हणेल, बहिणीसाठी केवढं केलंस गं. इतकी वर्षं मला तिच्या तोंडून असंच काहीतरी ऐकायचं होतं. आता ती म्हणेल आणि ते खरं नसेल. तिला खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझ्यानं होणार नाही.

तुझी जळकुकडी,
दीपमाला