आधी माझं बघ

ती. आईस, तुझ्या उतावळ्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आमच्या दवाखान्यात हृदय बघायचं यंत्र आलंय, खिशात मावेल एवढंच! चित्र मोबाइलवर दिसतं. परवा एक आजी यंत्राला घाबरून उठूनच चालल्या होत्या. मग मी ते आधी माझ्याच छातीवर लावून दाखवलं. "अगंबाई, केवढी धावपळ चाललीय आत!" म्हणत त्या निमूट आडव्या झाल्या. आता येणारी प्रत्येक बाई आधी माझंच हृदय बघायला मागते.

जिना चढताना तुला धाप लागते, असं वहिनीने कळवलं. तू मात्र दर पत्रात 'ठणठणीत' लिहितेस! डॉक्टरांना विचारलंय, सुट्टीत यंत्र घेऊन येतेय. घाबरू नकोस. आधी माझं बघ, तुझ्या काळजीने कसं पळतंय ते.

तुझीच,
धाकटी