बर्फात ठेवलेलं इन्सुलिन

बाबा,

बर्फाच्या डब्यातलं इन्सुलिन आईला देऊ नका. बर्फाला टेकून ते रात्री गोठलं. आता वितळून नव्यासारखं दिसतंय, पण एकदा गोठलं की ते निकामी होतं. सकाळचं इंजेक्शनही त्यातलंच होतं. वीज नाही म्हणून जवळची औषधांची दुकानं बंद आहेत. मी पुलापलीकडे चालत जातेय.

तिला पाणी पाजत राहा. उलटी झाली, श्वास जोरात चालला किंवा गुंगी आली, तर माझी वाट न पाहता शेजारच्या काकांच्या गाडीतून दवाखान्यात न्या.

तिने विचारलं तर इन्सुलिन संपलं म्हणा. बर्फाचं बोलू नका. काल तुम्ही रांगेत उभं राहून तो आणलात, तेव्हा ती मला म्हणाली, “जन्मात एकदा तुझ्या बाबांना वेळेवर सुचलं बघ!”

छोटी