वाकडी लाल पट्टी

डिसेंबरातला मंगळवार

घरी आल्या आल्या आधी वही उघडली. भीतीनं की आनंदानं, कोण जाणे.

सकाळी आमच्या रस्ता सुरक्षा क्लबतर्फे मांडवगणात उसाच्या ट्रॉल्यांना मागून चमकणाऱ्या लाल पट्ट्या चिकटवल्या. माझी पहिलीच वाकडी लागली. ट्रॉलीवाले आप्पा हसले, "ताई, वाकडी झाली की वो." दिवसभर तेच डोक्यात.

अंधार पडताना स्कूटीवरून घरी निघाले. पुढचा रस्ता मोकळाच वाटत होता. एकदम दिव्याच्या उजेडात लाल काहीतरी चमकलं, आणि तेही वाकडं. करकचून ब्रेक दाबला. समोर पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी. पट्टी नसती तर?

आप्पा चाक खोलत होते. म्हटलं, "उद्या सरळ करून देते."

"ऱ्हाऊ द्या. दिसली न्हवं?"

दिसली. उद्या निमोणे गावात पट्ट्या लावायच्यात, तिथं सगळ्यांच्या आधी मीच पोचणार.